विद्यापीठाचा परिसर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सुगम्य करायचा आहे; सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
(समान संधी कक्षाची समन्वयक, नाशिक)

नमस्कार. नाशिकमधील एका जुन्या शैक्षणिक संकुलात मी शिकवते आणि यंदा जूनपासून तेथील समान संधी कक्षाचे काम माझ्याकडे आले आहे. आमची मुख्य इमारत दगडी असून तिला समोरून पाच पायऱ्या आहेत. शुल्क भरण्याची खिडकी आणि परीक्षा विभाग पहिल्या मजल्यावर, ग्रंथालय त्याच्याही वर, आणि प्रयोगशाळा मागच्या नव्या इमारतीत आहेत. व्यवस्थापनाने दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी या वर्षी निधी मंजूर केला, याचा मला मनापासून आनंद आहे. दोन रॅम्प, एक स्वच्छतागृह आणि वऱ्हांड्यांत पिवळ्या स्पर्शफरशा (अंध व्यक्तींना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून उंचवटे असलेल्या फरशा) असा प्रस्ताव तयार असून मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी हे काम पूर्ण व्हावे, अशी अपेक्षा आहे. त्या प्रस्तावावर माझी सही व्हायची आहे आणि ती करण्याआधी मला जाणकारांशी बोलावेसे वाटते.

त्याला एक कारण घडले. प्रवेशाच्या दिवसांत कुबड्या वापरणारी एक विद्यार्थिनी पेठ तालुक्यातून वडिलांबरोबर आली होती. वडील वर रांगेत उभे राहिले आणि ती दोन तास खाली पायरीवर बसून राहिली. शेवटी आमच्या एका सेवकाने अर्ज खाली आणून तिची सही घेतली आणि प्रवेश झाला. सर्वांनी तिला आपुलकीने मदत केली. निघताना ती मला एवढेच म्हणाली, "मॅडम, कॉलेज मी अजून आतून पाहिलेले नाही."

निधी मर्यादित असताना आधी काय करावे? आमच्या नोंदवहीत मोजकेच दिव्यांग विद्यार्थी आहेत आणि विचारले तर ते "सगळे ठीक आहे" असे सांगतात. मग खरी गरज ओळखायची कशी? आणि कायद्याने बंधनकारक काय आहे? ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.


प्रतिसाद १
(माजी विद्यार्थी, इंदिरानगर)

मॅडम, मी व्हीलचेअर वापरतो. पदवी आणि पदव्युत्तर अशी पाच वर्षे मी नाशिकमध्येच शिकलो. मला चार मित्र खुर्चीसकट उचलून वर्गात नेत असत आणि त्यांचे ऋण मी जन्मभर मानीन. तरीही आज मागे वळून पाहताना जाणवते, की माझे वेळापत्रक त्या चौघांच्या सवडीवर ठरत होते. त्यांतले दोघे आजारी पडले की माझे प्रात्यक्षिक बुडत असे, आणि तक्रार करावी तर कोणाविरुद्ध, हाही प्रश्न होता, कारण चूक त्यांची मुळीच नव्हती.

स्वच्छतागृहाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण हा विषय संकोचामुळे नेहमी शेवटी येतो. सकाळी सातला घरून निघाल्यापासून दुपारी अडीचला परत येईपर्यंत मी पाणी पीत नसे. व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह संपूर्ण परिसरात नव्हते. एप्रिल महिन्यातल्या परीक्षांनाही मी हाच नेम पाळला आणि पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मला बरेच दिवस औषधे घ्यावी लागली. शेवटच्या वर्षी तसे स्वच्छतागृह बांधले गेले, पण त्याला कुलूप असे, किल्ली कार्यालयात असे आणि आत मोडकी बाके व झाडू ठेवलेले असत. लिफ्टचीही तीच गत होती. मुले गैरवापर करतात म्हणून ती बंद ठेवलेली असे आणि चालवणारे काका जेवायला गेले की मी खालीच थांबत असे.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रत्येक सोय एकाच प्रश्नाने तपासा: विद्यार्थ्याला ती कोणालाही हाक न मारता वापरता येते का? मदतीला माणूस उभा करणे चांगलेच आहे. पण तो माणूस नसेल त्या दिवशीही विद्यार्थ्याला आपले काम करता आले पाहिजे. "सगळे ठीक आहे" असे आपले विद्यार्थी का सांगतात, हेही मला ठाऊक आहे. ज्याला रोज चार जणांचे उपकार घ्यावे लागतात, तो पाचव्याकडे मागणी करत नाही. त्यांना कक्षात बोलावून विचारू नका. त्यांच्यातील एकाबरोबर बसथांब्यापासून परत बसथांब्यापर्यंतचा पूर्ण दिवस काढा, म्हणजे कोणतीही प्रश्नावली न भरता सर्व कळेल.

शुल्काची खिडकी तळमजल्यावर आणण्यासाठी सिमेंट लागत नाही. ज्या तुकडीत असा विद्यार्थी आहे, तिचे सर्व तास खाली लावणे हेही वेळापत्रक समितीला एका बैठकीत जमण्यासारखे आहे. हे निधीची वाट न पाहता या आठवड्यात करता येईल.


प्रतिसाद २
(निवृत्त स्थापत्य अभियंता, नाशिक रोड)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी सुचवतो. तास तळमजल्यावर लावले की प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते आणि लिफ्टचा प्रस्ताव पुढची दहा वर्षे कपाटात राहतो. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा काही खाली येणार नाहीत.

आता रॅम्पविषयी. प्रस्तावावर सही करण्यापूर्वी त्याची लांबी पाहा. मानकाप्रमाणे उताराचे प्रमाण १:१२ असावे लागते, म्हणजे १ फूट चढण्यासाठी १२ फूट लांबी. आपल्या पाच पायऱ्या प्रत्येकी साधारण ६ इंचांच्या असतील, तर एकूण उंची अडीच फूट होते आणि रॅम्प किमान ३० फूट लांब हवा. जागा नाही म्हणून तो दहा-बारा फुटांत बसवला, तर ती घसरगुंडी होते. व्हीलचेअर मागे उलटते आणि कुबड्या वापरणारा माणूस तर पायऱ्याच बऱ्या म्हणतो. मी असे अनेक रॅम्प पाहिले आहेत. ते छायाचित्रात उत्तम दिसतात आणि त्यांच्यावरून फक्त दुचाकी चढतात. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडे, तेही ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर, वर व खाली सपाट जागा, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून बारीक कठडी, एवढे नकाशातच लिहून घ्या. पृष्ठभागासाठी चकचकीत ग्रॅनाइट मुळीच नको. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमधील पावसात त्यावर धडधाकट माणूसही घसरतो. रॅम्प संपतो तेथेच पाणी साचते आणि तेथेच गटाराची जाळी बसवली जाते, ही नेहमीची चूक आहे. त्या जाळीच्या फटींत कुबडीचे टोक आणि व्हीलचेअरचे पुढचे चाक अडकते.

स्वच्छतागृहात व्हीलचेअर पूर्ण वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. दार आत उघडत असेल आणि आतला माणूस पडला, तर बाहेरच्याला ते ढकलताही येत नाही. कमोडशेजारी आधारदांडे हवेत आणि ते भिंतीत पक्के हवेत, कारण त्यांवर माणसाचा सगळा भार येतो.

स्पर्शफरशांचे दोन प्रकार असतात. लांब पट्ट्यांची फरशी "या दिशेने चला" असे सांगते आणि गोल ठिपक्यांची फरशी "थांबा, पुढे पायरी, वळण किंवा दार आहे" असे सांगते. ठेकेदाराकडे ज्या उरल्या त्या लावल्या, तर ते चुकीची पाटी लावण्याइतकेच धोक्याचे आहे. फरशा नेऊन थेट खांबाला टेकवल्याचेही मी पाहिले आहे.

कायद्याबद्दल आपण विचारले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासनाने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थांनी आपली इमारत, परिसर आणि सुविधा सुगम्य करायच्या आहेत आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या आहेत. कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. मानके ही केवळ शिफारस आहेत, असे कोणी सांगितले तर राजीव रतुरी प्रकरणातील ८ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. सुगम्यतेच्या मानकांना निव्वळ मार्गदर्शक सूचनांचे स्वरूप देणारा नियम कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून न्यायालयाने केंद्र सरकारला बंधनकारक मानके निश्चित करण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ती आपल्या बांधकाम विभागाच्या टेबलावर असायला हवीत.


प्रतिसाद ३
(सहायक प्राध्यापक, पंचवटी)

मी पूर्णतः अंध आहे आणि महाविद्यालयात शिकवतो. इमारतीविषयी वर जे लिहिले गेले आहे, त्यात मला फार भर घालायची नाही. पिवळ्या फरशांबद्दल मात्र एक सांगतो. फरशा बसवण्याआधी वऱ्हांड्यातल्या दुचाकी, कुंड्या आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी खिडक्यांची तावदाने हटवा. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, कपाळाच्या उंचीवरचे तावदान तिला कळत नाही. दारांवरच्या पाट्या ब्रेलमध्ये करणार असाल, तर त्या दाराच्या फळीवर लावू नका, कडीच्या बाजूच्या भिंतीवर लावा. नाहीतर पाटी वाचत असतानाच दार उघडून अंगावर येते.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. आपल्या प्रस्तावात एकही गोष्ट कागदपत्रांविषयी नाही, आणि अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्याची बहुतेक अडवणूक तेथेच होते. परिपत्रक छापतात, त्यावर सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन करून संकेतस्थळावर चढवतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या संगणकप्रणालीच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र असते. त्यातील एकही शब्द वाचला जात नाही. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी अभ्यासक्रम तर आणखी फसवा असतो, कारण पडद्यावर मराठी दिसते आणि कानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे पडतात. परीक्षा अर्जातला चित्ररूप कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून टंकण्याची अट, हीसुद्धा पायरीच आहे, फक्त ती डोळस माणसाला दिसत नाही. मी विद्यार्थी असताना अर्जाच्या शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत अनोळखी माणसाला माझा पासवर्ड सांगून अर्ज भरला होता. ती अगतिकता मी विसरलेलो नाही.

यावर उपाय महाग नाही. मूळ युनिकोड फाइलमधून थेट पीडीएफ तयार करावी आणि सही हवीच असेल तर स्कॅन प्रतीसोबत ही प्रतही ठेवावी, एवढा एक कार्यालयीन आदेश कुलसचिवांच्या सहीने निघाला तरी फार मोठा फरक पडेल. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि तो मराठी वाचतो. ग्रंथालयातल्या आणि संगणक कक्षातल्या सर्व यंत्रांवर तो घालून ठेवता येतो. एकाच कोपऱ्यातल्या "दिव्यांग संगणकावर" नको, सर्वांवर घाला. पुस्तके स्कॅन करून देण्यास ग्रंथपाल स्वामित्वहक्काच्या भीतीने कचरतात. ती भीती अनाठायी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सुगम्य प्रत करण्याची मुभा दिलेली आहे, आणि याच विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच होता. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही २०१६ पासून उपलब्ध आहे. त्यात विद्यार्थ्यांची नोंदणी करून देणे हे आपल्या कक्षाचे काम होऊ शकते.

परीक्षेतील लेखनिकाविषयीही, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्या माणसाविषयीही, लिहायला हवे. लेखनिक शोधण्याची जबाबदारी आजही बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यावर टाकली जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री लेखनिकाने नकार कळवला, की वर्षाचा अभ्यास पणाला लागतो. कक्षाने लेखनिकांची यादी तयार ठेवावी, त्यांना विषयातील संज्ञांचा थोडा सराव द्यावा आणि विद्यार्थ्याची त्यांच्याशी आधी गाठ घालून द्यावी. केंद्र शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला चार तास. ही गोष्ट पर्यवेक्षकाला परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याने समजावून सांगावी लागू नये. ज्याला स्वतः संगणकावर उत्तर टंकायचे आहे, त्याला ती परवानगीही मिळावी. माझे विचार माझ्याच शब्दांत कागदावर उतरले, याचे समाधान मला पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या सत्रात प्रथम मिळाले.

आणखी एक. ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसलेल्याला काहीच द्यायचे नाही, हा समजही चुकीचा आहे. विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हाताच्या लेखनविकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराचा लेखनिकाचा हक्क मान्य केला. राखीव जागांसाठी ४० टक्क्यांची अट आहे, वाजवी सोयींसाठी ती नाही, हा भेद परीक्षा विभागाला लेखी कळवा.


प्रतिसाद ४
(एका कर्णबधिर विद्यार्थ्याची बहीण, सातपूर)

माझा धाकटा भाऊ वाणिज्य शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या संदर्भात रॅम्पचा प्रश्नच येत नाही आणि त्यामुळे त्याला कशाची गरज आहे, हेही कोणाच्या लक्षात येत नाही. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याला ओठ दिसत नाहीत. तासाची टिपणे आदल्या दिवशी मिळाली, तर त्याला वर्गात काय चालले आहे ते बरेचसे उमगते. नंतर मिळाली तर तो तास त्याच्यासाठी रिकामाच जातो. मराठी बोलणे मोबाईलवर अक्षरांत उमटवणारी अॅप आहेत आणि तो ती वापरतो, पण मागच्या बाकावर बसला की त्यांचा उपयोग होत नाही.

मागील सत्रात परीक्षेची खोली बदलल्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून देण्यात आली आणि तो जुन्याच खोलीत वीस मिनिटे बसून राहिला. प्रत्येक सूचना लेखीही द्यावी आणि तोंडी परीक्षेऐवजी लेखी किंवा सांकेतिक भाषेतून उत्तर देण्याचा पर्याय असावा, एवढे तरी आपण नक्की करा. सांकेतिक भाषेचे दुभाषे फार थोडे आहेत, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच त्यांची व्यवस्था करावी लागते.


प्रतिसाद ५
(वसतिगृह अधीक्षक, नाशिक)

मॅडम, आपल्या नोंदवहीत विद्यार्थी मोजके का आहेत, याचे एक कारण मी माझ्या अनुभवातून सांगतो. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांचाही समावेश आहे. आपल्या जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी भागांतून येणाऱ्या मुलांमध्ये सिकलसेलचे रुग्ण असतात. ती मुले चालतात, पाहतात, ऐकतात, त्यामुळे त्यांना कोणी दिव्यांग म्हणत नाही आणि तीही स्वतःला तसे म्हणत नाहीत.

पण वेदनेचा झटका आला की मुलगा चार-पाच दिवस उठू शकत नाही. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांनी असा झटका येऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा किती उतरतो, ते आपण जाणताच. वसतिगृहात गरम पाणी पहाटे संपलेले असते, पिण्याचे पाणी तळमजल्यावर असते आणि मुलाची खोली तिसऱ्या मजल्यावर असते. त्यानंतर सत्राच्या शेवटी उपस्थिती ७५ टक्के भरली नाही म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत. माझ्याकडच्या एका हुशार मुलाने याच कारणाने शिक्षण सोडले. मी त्याला गावाकडे जाऊन भेटलो, तेव्हा त्याने आजाराचे नावही मला हळू आवाजात सांगितले. वर्षभर माझ्या वसतिगृहात राहूनही मला ते ठाऊक नव्हते, याची खंत मला आजही आहे.

तेव्हा प्रवेश अर्जासोबत या २१ प्रकारांची मराठी यादी द्यावी, माहिती गोपनीय राहील अशी लेखी हमी द्यावी आणि अशा गैरहजेरीत सवलत देण्याची पद्धत आधीच ठरवावी. झटका येऊन गेल्यानंतर दाखले गोळा करत दारोदार फिरायला त्या मुलांच्या अंगात त्राण नसते.


प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या तपशीलाने लिहिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. प्रस्ताव मी सही न करता टिपणीसह परत पाठवला आहे. त्यातील समोरच्या रॅम्पची लांबी खरोखरच १४ फूट दाखवलेली होती. स्वच्छतागृहाला कुलूप न लावण्याची आणि त्याच्या रोजच्या सफाईची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहून मागितले आहे. शुल्काची खिडकी सोमवारपासून तळमजल्यावर येत आहे. त्यासाठी एक टेबल आणि संगणकाची एक तार एवढेच लागले. युनिकोड प्रतीचा आदेश आणि लेखनिकांची यादी यांसाठी कुलसचिव आणि परीक्षा विभागाबरोबर बैठक ठरली आहे. उपस्थितीचा विषय सर्वांत अवघड दिसतो, पण तो मी सोडणार नाही.

अभियंता साहेबांना एक विचारते. समोर ३० फुटांची जागा निघत नाही. इमारतीच्या पूर्वेला एक दार आहे, तेथे एकच पायरी आहे. रॅम्प तेथे केला तर चालेल का?


प्रतिसाद ६
(निवृत्त स्थापत्य अभियंता, नाशिक रोड)

चालेल. मात्र ते दार सर्वांसाठी आणि इमारत उघडी असेल तोपर्यंत उघडे राहायला हवे, दर्शनी पायऱ्यांपाशी तशी ठळक पाटी हवी आणि तेथपर्यंतची वाट फरसबंद हवी. फक्त दिव्यांगांसाठीचे मागचे दार असे त्याचे रूप होऊ देऊ नका. प्राध्यापकांनी आणि इतर विद्यार्थ्यांनीही तेच दार वापरले, तर ते आपोआप उघडे राहते.


प्रतिसाद ७
(माजी विद्यार्थी, इंदिरानगर)

मॅडम, आपल्या परिसराच्या पाहणीसाठी मी येण्यास तयार आहे, आणि पंचवटीचे सरही आले तर फार बरे होईल. पेठच्या त्या विद्यार्थिनीलाही बोलवा. तिला इमारत आतून पाहता येईल. फक्त पाहणी रविवारी ठेवू नका. तास सुटून वऱ्हांड्यात गर्दी होते त्या वेळी, आणि शक्य तर पाऊस असतानाच फिरू. आम्ही येणार म्हणून लिफ्टची किंवा स्वच्छतागृहाची किल्ली आधी मागवून ठेवू नका. कोठे कोठे हाक मारावी लागते, तेच मोजायचे आहे.